दोन शनिवार, ५,३१० रुपये आणि तेराव्या ओळीतली मागणी

नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात मी डिस्पॅच आणि कस्टमर को-ऑर्डिनेशन बघते. नव्वद माणसांची कंपनी. आम्ही बुश आणि पिना, म्हणजे यंत्रांचे छोटे धातूचे भाग, बनवतो, माल बहुतेक चाकणला जातो. दिवसाला साठ-सत्तर मेल येतात, पंचवीस-तीस जातात. मार्चमध्ये मालकांनी 'ऑफिसमधील मेल व मेमो लेखन' असं एक पत्रक माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही जाऊन या. बरं वाटलं तर बाकीच्यांना पाठवू." म्हणजे मी फर्स्ट पीस. मी पास झाले तर पुढचा लॉट चालू.

संस्थेचं नाव लिहीत नाही. बरं-वाईट दोन्ही सांगणार आहे, आणि वाईटातलं काही त्यांनी एव्हाना सुधारलंही असेल. फी ४,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,३१०. दोन शनिवार, दहा ते पाच. जागा मुंबई नाक्याजवळच्या एका हॉटेलचा तळघरातला हॉल. तिथे मोबाइलला रेंज नाही. आधी वैताग आला, मग लक्षात आलं की कितीतरी दिवसांनी मी सलग दोन तास कुणाचं बोलणं ऐकतेय.

सुरुवात मात्र वाईट झाली. संस्थेचा मेल आला, त्याचा विषय 'वर्कशॉप'. हॉटेलचं नाव, वेळ, काय आणायचं, सगळं एका चित्रात. चित्र मोबाइलवर उघडेना. शेवटी फोन केला. मेल लिहायला शिकवणाऱ्यांना पत्ता फोनवर विचारावा लागला, तेव्हाच मनातल्या मनात एक तारा कापला होता.

शिकवणारे सर सरकारी बँकेच्या तपासणी विभागातून निवृत्त झालेले. आवाज बारीक, हातात लाल पेन, आणि पेन कायम उघडं. आम्ही बावीस जण होतो. येताना स्वतः पाठवलेले पाच मेल छापून आणा, नावं खोडून, असं फोनवर सांगितलं होतं. बहुतेकांनी एखाददुसरा आणला. मी पाच नेले, त्यामुळे बळी मीच. चहाच्या आधीच माझा मेल पडद्यावर लागला.

"मी एकेक ओळ वाचतो," सर म्हणाले. "या बाईंना नेमकं काय हवंय हे ज्याला कळेल त्याने हात वर करायचा."

मेल इंग्रजीत. विषय 'अर्जंट'. पहिली ओळ, 'डिअर सर, विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट...' आता वरचा सब्जेक्ट काय, तर अर्जंट. दोघं-तिघं हसले. पुढे सगळी कहाणी: सोमवारच्या लॉटमधले ३१२ बुश बाहेरच्या व्यासात मोठे निघाले. असंच मागच्या महिन्यातही झालं होतं. गेजचं (व्यास मोजायच्या साधनाचं) कॅलिब्रेशन संपत आल्याचं क्वालिटीने तेव्हाच कळवलं होतं. त्या मेलला उत्तर आलं नव्हतं. ग्राहकाच्या इंजिनिअरने काल दोनदा फोन केला. सर बातम्या वाचल्यासारखे वाचत होते. आठवी ओळ. दहावी. मागच्या रांगेतल्या एकाने हात अर्धा उचलला आणि पुन्हा खाली घेतला. तेराव्या ओळीत आलं, 'हेन्स यू आर रिक्वेस्टेड टू डू द नीडफुल', आणि त्याच्या शेपटाला: उद्या संध्याकाळपर्यंत १,२०० बुश निवडून द्यावेत. सगळे हात एकदम वर.

"मॅडम, पहिल्या बारा ओळी कुणासाठी लिहिल्या?"

मी म्हटलं, प्रॉडक्शन मॅनेजरसाठी.

"त्यांना यातलं काय माहीत नव्हतं?"

सगळंच माहीत होतं. सोमवारपासून ते त्याच लॉटपाशी उभे होते. खरं सांगायचं तर त्या बारा ओळी शुक्रवारच्या रिव्ह्यू मीटिंगसाठी होत्या. तिथे कुणी 'आम्हाला सांगितलंच नाही' म्हणालं तर मला मेल उघडून दाखवता यावा म्हणून. सीसीत अकरा जण होते, तेही त्याचसाठी. मी साक्षीदार गोळा करत होते आणि त्याला मेल म्हणत होते.

ही एक गोष्ट मला त्या ५,३१० रुपयांत मिळाली, आणि वसूल झाली. आपण निम्मे मेल काम व्हावं म्हणून लिहीतच नाही, उद्या अंगाशी आलं तर दाखवायला लिहितो. सरांनी यावर उपदेश केला नाही, हे मला फार आवडलं. तपासणी विभागात हयात गेलेला माणूस. कागदाची किंमत त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यांचं म्हणणं इतकंच, की नोंद ठेवा, जरूर ठेवा, पण ती मागणीच्या डोक्यावर बसवू नका. मागणी वर, नोंद खाली. मधे एक रेघ मारा हवं तर. मग माझाच मेल आम्ही सगळ्यांनी मिळून पुन्हा लिहिला. मराठीत सांगायचा तर असा:

विषय: उद्या (गुरु.) दुपारी ४ पर्यंत १,२०० बुश हवेत, नाहीतर चाकणची लाइन थांबेल

नमस्कार सर,
उद्या दुपारी ४ पर्यंत निवडलेले १,२०० बुश डिस्पॅचला हवेत. गाडी ४.३० ला सुटेल.
निवडायला माणसं कमी असतील तर आज ६ पर्यंत सांगा, पॅकिंगचे दोघं देते.
नोंदीसाठी: सोमवारच्या लॉटमध्ये ३१२ नग व्यासात मोठे. गेजबद्दल क्वालिटीचा मेल खाली जोडला आहे.

'टू'मध्ये एक माणूस, सीसीत दोन. 'संध्याकाळपर्यंत'चं 'दुपारी ४' कसं झालं ते सांगते. सरांनी विचारलं, तुमची संध्याकाळ किती वाजता? मी म्हटलं, गाडी सुटते तेव्हा, साडेचारला. प्रॉडक्शनची संध्याकाळ? पाळी सुटते तेव्हा. रात्रपाळीवाल्याची? हॉलमध्ये एक द्राक्ष निर्यातदारांकडचा मुलगा होता, ऐन सीझनमध्ये सुट्टी काढून आलेला. तो लगेच म्हणाला, आमचं याच्यावरूनच भांडण झालं. नेदरलँड्सच्या आयातदाराला 'उद्या सकाळी रिपोर्ट पाठवतो' लिहिलं, आणि सकाळ कुणाची हे ठरलंच नव्हतं. ते घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांनी काटे पुढे सरकवले की साडेतीन. पॅकहाउसमधला मुलगा पहाटे उठून बसला, तिकडे साहेब झोपलेले.

मागणी आधी लिहिण्याला अमेरिकी लष्करात 'बॉटम लाइन अप फ्रंट' म्हणतात, थोडक्यात 'ब्लफ'. पत्त्यांतला ब्लफ म्हणजे हातातलं लपवणं आणि हा ब्लफ म्हणजे आधीच पान उघडं टाकणं. सरांना ही गंमत सुचली नाही, मला सुचली. सांगितली असती, पण तोवर चहा आला.

चहाच्या वेळी मी त्यांना माझी खरी अडचण विचारली. मी मराठी शाळेत शिकले. पत्रलेखनाला 'ति. बाबांस शि. सा. न. वि. वि.' लिहून मग 'पत्र लिहिण्यास कारण की' असं हळूच विषयाकडे जायचं. वडीलधाऱ्या माणसाला पहिल्याच ओळीत 'इतके बुश द्या' म्हणायला हात उचलत नाही. अंगावर गेल्यासारखं वाटतं. सरांचं उत्तर सरळ होतं: नमस्कार हवाच, पण तो एका ओळीचा. आणि माणूस मोठा असेल तर आधी फोन करा, मग लिहा. विनंती तोंडी, नोंद लेखी. मेलची सुरुवात 'आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे' अशी झाली की पुढचं काही कुणाला टोचत नाही. आम्ही हे करतोच, पण फोन आणि मेल यांची कामं वेगळी आहेत असं कधी डोक्यात स्पष्ट नव्हतं. (याच्या उलट दुखणं म्हणजे ग्राहकाकडचा पंचवीस वर्षांचा इंजिनिअर मला 'हाय' लावून पहिल्या नावाने लिहितो. त्यावर सर म्हणाले, सवय करून घ्या.)

सीसीवर तासभर घालवला. तो मला अर्ध्या तासात चालला असता, कारण कार्बन कॉपी मी स्वतः काढलेल्या आहेत. टायपिंगच्या क्लासला एका वेळी तीन कागद आणि मधे दोन कार्बन घालायचो. चौथी प्रत काढायला गेलं की अक्षरं धुक्यात. कार्बनच सांगायचा, बाई आता पुरे. मेलला असा अटकाव नाही, म्हणून अकरा जण. सरांचा नियम कामाचा आहे: सीसीतल्या प्रत्येक नावापुढे 'याने वाचून काय करायचं' हे स्वतःशी बोलून बघा. उत्तर 'घाबरायचं' असं आलं तर नाव काढा. मी सोमवारपासून हे करतेय. दोन नावं मात्र काढायची हिंमत अजून झालेली नाही.

आता एक प्रसंग, जिथे सर अडखळले. आमच्यात जिल्हा परिषदेतले एक कक्ष अधिकारी होते, स्वतःच्या पैशाने आलेले. ते म्हणाले, "सर, आमच्या टिपणीत मागणी पहिली येऊच शकत नाही." आणि त्यांनी बोटांवर मोजत क्रम सांगितला: विषय, संदर्भ, प्रकरणाची पार्श्वभूमी, लागू नियम, मग प्रस्ताव, आणि सगळ्यात खाली 'मान्यतेस्तव सादर'. कारण साहेब सही करतो ती खाली. प्रस्ताव सहीच्या लगेच वर असला पाहिजे, नाहीतर साहेब म्हणेल मी कशावर सही केली ते पान मागे राहिलं. नस्ती, म्हणजे फाइल, एका टेबलावरून वरच्या टेबलावर चढते, आणि प्रत्येक जण आधीच्याच्या खाली लिहीत जातो. तिथे वरची ओळ सगळ्यात जुनी असते.

सर म्हणाले, तत्त्व तेच आहे. नाही, तत्त्व तेच नाही. इथे त्यांनी तो धागा पकडायला हवा होता, त्यांनी पुढची स्लाइड लावली. जेवताना त्या अधिकाऱ्यांनी मला सांगितलं की मुरलेले साहेब नस्ती हातात आली की आधी शेवटचा परिच्छेद वाचतात आणि मग शंका आली तरच वर जातात. म्हणजे त्यांनाही मागणीच आधी हवी असते, फक्त ती कुठे सापडेल ते ठरलेलं असतं. मला हे उत्तर सरांच्या उत्तरापेक्षा चांगलं वाटलं. आमच्या कंपनीत ती जागा ठरलेली नाही. तेराव्या ओळीत माझी, सातव्यात अकाउंट्सची, आणि स्टोअरचे साहेब तर मागणी विषयातच लिहून मेल कोरा पाठवतात.

(जेवण: पनीर, जिरा राइस, एक गोड. नाशिकात दोन शनिवार आणि मिसळ एकदाही नाही. असो.)

दुपारनंतरचं सत्र पैसे मागण्याच्या मेलचं. छोट्या कारखान्यातून येणाऱ्याने निदान एवढ्यासाठी तरी जावं. माझा दुसरा मेल पुढे आला. विषय 'जेंटल रिमाइंडर ३'. सर म्हणाले, "तिसऱ्या वेळी जेंटल कसला?" आत लिहिलं होतं, बरेच दिवस पेमेंट पेंडिंग आहे, लवकरात लवकर रिलीज करावं ही विनंती. सरांनी मला ग्राहकाकडच्या अकाउंट्सवाल्याच्या खुर्चीत बसवलं. अक्षरशः बसवलं, पुढे खुर्ची ठेवून. "तुमच्याकडे आज असे चाळीस मेल आले आहेत. यांचं पेमेंट करायला तुम्हाला काय शोधावं लागेल?" बिल कोणतं. किती. माल कधी पोचला. जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची त्यांच्याकडची नोंद, झाला का. मुदत कधीची. मेलमध्ये यातलं एकही नाही. म्हणजे माझी विनंती पुरी करण्याआधी त्याने माझं काम करायचं. तो कशाला करेल? तो माझा मेल खाली ढकलणार आणि ज्याने बिल नंबर दिलाय त्याचं आधी काढणार.

मग कायदा. हा भाग सरांनी तोंडपाठ आणि नेमका सांगितला. आम्ही सूक्ष्म-लघु उद्योगात मोडतो. २००६ च्या एमएसएमई कायद्याच्या कलम १५ प्रमाणे लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या पुढे लांबवता येत नाहीत, आणि करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. पुढच्या कलमात व्याज आहे, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीने. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद लागू झाली की आमच्यासारख्यांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी धरावा लागतो. पण, सर म्हणाले, हे पहिल्या ओळीत लिहिलंत तर ती धमकी, आणि धमकीला वकील उत्तर देतो, अकाउंटंट नाही. कायदा शेवटच्या ओळीत, आवाज न चढवता. वर नुसते आकडे.

मी तिथेच लिहिला. तीन बिलं, एकूण ४,८६,२०० रुपये. ४१७ नंबरचं १,७२,४०० चं, जीआरएन ८ जानेवारी, मुदत संपली २२ फेब्रुवारीला. ४२६ नंबरचं १,५८,३०० चं, जीआरएन १५ जानेवारी, मुदत संपली १ मार्चला. ४३९ नंबरचं १,५५,५०० चं, चलनावर गेटचा शिक्का २७ जानेवारीचा, पण जीआरएन नंबर आमच्याकडे नाही. शेवटची माहिती लिहिताना मला पहिल्यांदा कळलं की तो आमच्याकडे नाही. तीन जेंटल रिमाइंडर पाठवताना ते कळायचं कारणच नव्हतं.

याच सत्रात सरांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१० सालचा ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता हा निकाल सांगितला. बॉक्साइटचा सौदा, रीतसर करारावर सह्या झाल्या नव्हत्या, पण मेलवर देकार (ऑफर) गेला होता आणि मेलवरच होकार आला होता. न्यायालयाने करार झाला असं धरलं. हॉलमध्ये एकदम शांतता. 'ओके, कन्फर्म्ड' असं आपण दिवसातून किती वेळा लिहितो, ते प्रत्येक जण मनात मोजत असावा.

पहिला शनिवार असा गेला. पाचपैकी साडेचार तारे. दुसऱ्या शनिवारी सर नव्हते. संस्थेचे एक तरुण गृहस्थ आले, कोट घालून.

त्यांनी पन्नास साच्यांची एक पुस्तिका वाटली. अभिनंदनाचा साचा, दिलगिरीचा साचा, राजीनाम्याचासुद्धा. मालकांनी पैसे भरलेल्या कार्यशाळेत राजीनाम्याचा साचा, हे मला जरा जास्तच वाटलं. सगळ्यांची सुरुवात एकच, 'आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल'. पहिल्या शनिवारी लाल पेनने जे खोडलं होतं, ते दुसऱ्या शनिवारी चकचकीत कागदावर छापून हातात. दोघांनी एकमेकांच्या स्लाइड पाहिल्या नसाव्यात.

मग एआयकडून मेल कसा लिहून घ्यायचा ते. यात कामाचं काही नाही असं नाही. इंग्रजीतल्या चुका दुरुस्त करून घ्यायला मी स्वतः वापरते. पण त्यांनी 'विनम्र करून दे' एवढंच सांगायला शिकवलं, आणि त्याचा फटका मी आमच्या ऑफिसात पाहिलेला आहे. आमच्या ज्युनिअर मुलाने एका सप्लायरला उशिराबद्दल विचारायला असाच मेल बनवून घेतला. तीन ओळींचा मजकूर चार परिच्छेदांचा झाला आणि त्यात 'झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत' असं आलं. उशीर सप्लायरचा, दिलगिरी आमची. नशिबाने पाठवण्याआधी मी पाहिला. मी हे उदाहरण सांगितलं, बॉक्साइटच्या खटल्याची आठवणही करून दिली. गृहस्थ म्हणाले, "व्हेरी गुड पॉइंट," आणि पुढे गेले.

एक बारीक गोष्ट त्यांच्याकडून मिळाली. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला मूळचे ५ सेकंद असतात, सेटिंगमध्ये जाऊन ते ३० करता येतात. आउटलुकचं 'रिकॉल' मात्र आपल्याच संस्थेतल्या माणसापुरतं चालतं. चाकणला गेलेला मेल गेलाच. मी माझे ३० सेकंद करून घेतले.

आता माझी मुख्य तक्रार. पत्रकावर 'मेल व मेमो' लिहिलं होतं. मेमोला मिळाली पंचवीस मिनिटं, त्यात मराठी मेमोला शून्य. "मराठीलाही हेच नियम," असं म्हणून विषय संपवला. त्या गृहस्थांना हेही माहीत नव्हतं की कारखान्यात 'मेमो' या शब्दाचा अर्थच वेगळा आहे. 'त्याला मेमो मिळाला' म्हणजे तो गैरहजर राहिला, नाहीतर मशीनवर झोपला. बोर्डावर वर मोठ्या अक्षरात 'मेमो' लिहिलं की माणसं आधी आपलं नाव शोधतात, नाव नसेल तर हुश्श करून निघून जातात. खालचं कोण वाचतं. आमच्याकडे म्हणून आता वर 'सूचना' लिहितो. मेमोला 'ज्ञापन' लिहिणारे एक एचआरचे साहेब होते. ते गेले, शब्द त्यांच्याबरोबर गेला.

म्हणून हे प्रकरण मी सोमवारी स्वतःच केलं. बसच्या थांब्याची सूचना बोर्डावर लागायची होती, तयार मजकूर असा: 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, काही अपरिहार्य कारणास्तव सदर बसच्या थांब्यामध्ये व वेळेमध्ये सोबतच्या तक्त्यानुसार बदल करण्यात येत असून याची सर्वांनी नोंद घ्यावी.' कोण कळवतंय? कुणाला? बदल कुणी केला? या वाक्यात माणूसच नाही. बस आहे, तीही 'सदर'. मी कागद घेऊन शॉपवर गेले आणि ग्राइंडिंगच्या एका ऑपरेटरला वाचायला दिला. बावीस वर्षं कंपनीत असलेला माणूस. त्यांनी दोनदा वाचला आणि विचारलं, "ताई, सदर बस म्हणजे नवी लावली का?"

मग त्यांच्याच शेजारी उभं राहून लिहिलं: 'सोमवारपासून पहिल्या पाळीची बस द्वारका चौकात थांबणार नाही. द्वारकावाल्यांनी मुंबई नाक्यावर ६.१० ला यावं. पाथर्डी फाटा आणि गरवारे पॉइंटची वेळ तीच.' ते म्हणाले, "अजून एक लिहा. बस चुकली तर काय?" हे मला सुचलं नव्हतं, सरांच्या एकाही स्लाइडवर नव्हतं. ड्रायव्हरचा नंबर खाली टाकला. पुढच्या सोमवारी द्वारकेच्या नऊ जणांपैकी आठ मुंबई नाक्यावर वेळेत उभे होते. नववा रजेवर होता.

जायचं असेल त्यांच्यासाठी: पहिल्या शनिवारचे पैसे वेगळे भरून तेवढंच करता येतं का ते विचारा, मला विचारायचं सुचलं नाही. पाच मेल छापून न्याच, आणि चांगले नेऊ नका, ज्यांना उत्तर आलं नाही असेच न्या. सरकारी कार्यालयात असाल तर टिपणीसाठी म्हणून जाऊ नका, तिथे तुमच्या हाती काही लागणार नाही. स्वेटर न्या, तळघरातला एसी कमी होत नाही. प्रमाणपत्र मिळतं, माझ्यावर आडनाव चुकलंय. पार्किंग फक्त दुचाकीचं.

एकूण साडेतीन तारे. मालकांना मी सांगितलं, स्टोअर आणि अकाउंट्सला पाठवा, पण सर येणार असतील त्याच दिवशी.

आणि पैशांचं. नवा मेल गेला त्याच दिवशी ग्राहकाच्या अकाउंट्सचं उत्तर आलं, तीन रिमाइंडरनंतर पहिल्यांदा. पहिली दोन बिलं नऊ दिवसांत जमा झाली. मार्चअखेरही होती, त्यामुळे सगळं श्रेय मेलला देत नाही. तिसऱ्याला त्यांनी लिहिलं, जीआरएनच नाही, आम्ही कशावर पेमेंट करू. बरोबर आहे त्यांचं. आता मेल अकाउंट्सला नाही, त्यांच्या स्टोअरला. विषयात चलन नंबर आणि २७ जानेवारी टाकलंय, गेटच्या शिक्क्याचा फोटो जोडलाय. सकाळी अकराला पाठवला, त्याआधी फोनही केला. स्टोअरवाले म्हणाले, साहेब जेवून आले की बघतो.